कण मोजायचे की गठ्ठे?
वाचकांचे प्रश्न : विषाणूंचा घोळक्याने प्रवास

मागच्या अंकात विषाणूचा एक कण पेशीत शिरून स्वतःच्या हजारो प्रती कशा काढतो, ते दिले होते. लेखाच्या शेवटी एकच वाक्य होते: ‘पुष्कळदा विषाणू सुटे न जाता गठ्ठ्याने जातात.’ पत्रांचा पाऊस पडला तो नेमका त्या वाक्यावर. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : अकरावी-बारावीला शिकवताना आम्ही सांगतो की एक कण पेशीला चिकटतो, आत जातो आणि संसर्ग होतो. मग गठ्ठ्याने जातात म्हणजे काय? एका कणाने काम भागत नाही का? (जीवशास्त्राची शिक्षिका, सातारा)

भागते, पण नेहमी नाही. गोंधळ आपल्या मोजण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

विषाणू मोजायची नेहमीची रीत म्हणजे प्लाक चाचणी. बशीत पेशींचा एकसंध थर वाढवतात. नमुना दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत नेतात, प्रत्येक पातळीचा थोडा भाग पेशींवर तासभर ठेवतात आणि वर अगारचा, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचा, थर ओततात. अगारमुळे नवे विषाणू लांब जाऊ शकत नाहीत, शेजारच्याच पेशी मारतात. काही दिवसांनी जिवंत पेशींना जांभळा रंग दिला की मेलेल्या पेशींच्या जागी पांढरी भोके दिसतात. ती मोजायची. जीवाणूभक्षक विषाणूंसाठी ही पद्धत आधीपासून होती. प्राण्यांच्या विषाणूंसाठी ती रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये बसवली. नमुना दहापट पातळ केला की भोकेही दहापट कमी होतात. त्यावरून निष्कर्ष निघाला की एका भोकाला एकच ‘काहीतरी’ पुरते.

हे ‘काहीतरी’ म्हणजे एक कण, हे मात्र चाचणी सांगत नाही. एकमेकांना चिकटलेले पन्नास कण एकाच जागी पडले तरी भोक एकच दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोलिओचे कण मोजले आणि त्याच नमुन्याची भोके मोजली, तर एका भोकामागे ३० पासून १००० पर्यंत कण भरतात. उरलेले सगळे निकामी, असे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले गेले. बरेचसे निकामी असतातही. पण काही गठ्ठ्यात दडलेले असतात, आणि काही एकटे लंगडे पण जोडीदार मिळाला तर चालणारे असतात. हे दुसरे प्रकरण जुनेच आहे: साल्व्हादोर लुरिया यांनी १९४७ मध्ये दाखवले होते की अतिनील किरणांनी मोडलेले जीवाणूभक्षक विषाणू एकाच जीवाणूत दोन-तीन मिळून शिरले, तर पुन्हा चालू लागतात.

वर्गात फळ्यावर मांडता येईल असा एक हिशेब. जितक्या पेशी तितकेच सुटे कण टाकले, तर प्रत्येक पेशीला एकेक कण मिळेल असे मुलांना वाटते. यदृच्छेच्या नियमाने तसे होत नाही. सुमारे ३७ टक्के पेशींना एकही मिळत नाही, ३७ टक्क्यांना एक, आणि २६ टक्क्यांना दोन किंवा अधिक. दहा पेशींमागे एक कण टाकला, तर एकाहून अधिक कण मिळालेल्या पेशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे सुटे कण विरळ असतील तिथे जोडीदार मिळणे कठीण. माणसाच्या घशात पहिल्या दिवशी कण विरळच असतात. गठ्ठ्याचा फायदा तिथे आहे.

गठ्ठे बनतात तरी कसे? कण कणाला चिकटतात; पेशी आपल्या पटलाची पिशवी करून अनेक कण एकत्र बाहेर टाकते; काही विषाणू प्रथिनाच्या स्फटिकात बंद होतात; काही आतड्यातल्या जीवाणूंच्या अंगाला चिकटून जातात; आणि काही बाहेर पडायच्या भानगडीतच न पडता एका पेशीतून लगतच्या पेशीत सरकतात.

नमुन्यात गठ्ठे आहेत की नाहीत हे पाहायचे असेल, तर एकाच विषाणूचे दोन वाण घ्यावेत, एक हिरवा चमकणारा आणि एक लाल. दोन्ही वाण एकाच पेशीसमूहात भरपूर प्रमाणात घालून विषाणूंचे पीक घ्यावे, ते खूप पातळ करून नव्या थरावर टाकावे आणि दोन्ही रंग दाखवणारी भोके मोजावीत. चुका ठरलेल्या दोन. नमुना पुरेसा पातळ नसेल, तर योगायोगाने शेजारी पडलेली दोन भोके एकात मिसळून दुरंगी दिसतात. आणि दोन वाण वेगवेगळे वाढवून नळीत एकत्र केले, तर नळीत चिकटलेले गठ्ठेच दिसतील, पेशीने बांधून दिलेले दिसणार नाहीत. दोन्ही प्रकारे करून फरक पाहिला, तरच काही कळते.

प्रश्न : घरी अतिनील दिव्याचा जलशुद्धीकरण संच आहे. गठ्ठ्यातले विषाणू त्यातून सुटतात का? (गृहिणी, नाशिक)

काही सुटू शकतात. अतिनील किरण विषाणूच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालतात. सुट्या कणांवर मारा वाढवत नेला, तर जिवंत कणांचा आलेख सरळ खाली येतो. गठ्ठे असतील तर तो आधी सरळ उतरतो आणि मग शेपटीसारखा आडवा होतो: बाहेरचे कण आतल्यांवर सावली धरतात, आणि आत थोडे मोडके, थोडे बरे असे मिळून पुन्हा एक चालता संच जमतो. लुरियांचीच गोष्ट.

उंदरांच्या नोरोविषाणूवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, पटलाच्या पिशवीत बांधलेले कण सुट्या कणांपेक्षा २५४ नॅनोमीटरच्या किरणांना अधिक टिकाव धरतात असे दिसले. तशातही सगळे विषाणू सारखे नसतात. घरगुती संचांसाठी प्रति चौरस सेंटिमीटर ४० मिलिज्यूल हा मारा पुरेसा धरला जातो. पण अ‍ॅडिनोविषाणू दहा हजारांतून एकावर आणायचे तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या तक्त्यात १८६ मिलिज्यूल दिलेले आहेत.

म्हणून संच फेकून द्यायचा नाही. दिव्यापर्यंत पोचणारे पाणी नितळ हवे. गढूळ पाण्यात मातीचा कण गठ्ठ्यासारखीच सावली धरतो, तेव्हा आधीची गाळणी वेळेवर बदला. दिवा जळतो आहे म्हणजे पुरेसा मारा होतो आहे असे नव्हे. पारा-दिव्याचा जोर वर्षभरात बराच उतरतो, म्हणून उत्पादकाने दिलेल्या तासांनंतर तो बदलायचाच. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, किंवा वस्तीत काविळीची अथवा जुलाबाची साथ असली, तर पाणी खळखळून उकळू द्या आणि उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवा. उष्णतेपुढे सावली चालत नाही, गठ्ठ्याच्या मध्यालाही तीच झळ लागते.

जाता जाता: १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात नाल्याचे सांडपाणी शिरले. जलकेंद्राने क्लोरीन वाढवले. टायफॉइडसारखे जीवाणूंचे आजार वाढले नाहीत, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. तो विषाणू हिपॅटायटिस ई असल्याचे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. जीवाणू मेले म्हणजे विषाणूही मेले असे समजू नये, यासाठी हे उदाहरण आजही शिकवतात.

प्रश्न : वसतिगृहात एका मुलीला उलट्या-जुलाब झाले की चार दिवसांत निम्मा मजला आडवा होतो. सगळीकडे सॅनिटायझर ठेवले आहे, तरी असे का? (वसतिगृह अधीक्षक, कोल्हापूर)

वर्णन नोरोविषाणूसारखे आहे. खात्री शौचाच्या तपासणीनेच होईल. नोरो आणि रोटा हे दोन्ही आतड्याचे विषाणू शौचातून केवळ सुटे कण म्हणून बाहेर पडत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निहाल आल्तान-बोने यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की यांतले बरेच कण पटलाच्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि पिशव्या शौचातूनही शाबूत बाहेर येतात. उंदरांना पिशव्या शाबूत ठेवून विषाणू दिला, तेव्हा तो सुट्या कणांपेक्षा अधिक जोरात लागला. पोलिओच्या जातीचे विषाणूही असे पिशवीतून जातात, हे त्यांनीच २०१५ मध्ये दाखवले होते. पेशी फोडल्याखेरीज हे विषाणू बाहेर येत नाहीत, असे तोवर पुस्तकांत छापलेले असे.

आता सॅनिटायझर. अल्कोहोल चरबीचे पटल विरघळवते, त्यामुळे पिशवी फुटेल. पण आतल्या नोरोच्या कणाला स्वतःचे असे चरबीचे पटल नाही, प्रथिनाचे घट्ट कवच आहे. म्हणजे गोणी फाटली, दाणे तसेच राहिले. रोटावर अल्कोहोल बऱ्यापैकी चालते, नोरोवर भरवशाचे नाही. साबण-पाण्याने २० सेकंद हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुणे अधिक चांगले. तिथे विषाणू मरत नाही, हातावरून निघून जातो, आणि ते पुरेसे आहे.

उलटी झाली तर क्रम असा ठेवा. मुलींना तिथून दूर करा, खिडक्या उघडा. हातमोजे व मुखपट्टी लावा. उलटीवर जुने वर्तमानपत्र किंवा टाकाऊ कापड टाकून ती टिपून घ्या. झाडूने ओढू नका, सुकू देऊन तर मुळीच झाडू नका. सगळे पिशवीत बांधा. मग जागा साबणाने पुसा. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि तिथेच फसतात: घाणीवर क्लोरीन ओतले की ते घाणीशीच संपते, विषाणूपर्यंत पोचत नाही. त्यानंतर क्लोरीनचे द्रावण. बाजारातले द्रव ब्लीच ५ टक्क्यांचे असेल, तर १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी म्हणजे दशलक्षात ५००० भाग; उलटी-शौचाच्या जागेला हे. दाराच्या मुठी, नळ, जिन्याचे कठडे यांना १००० भाग पुरतात, म्हणजे २० मिली ब्लीच आणि पाणी घालून एकूण एक लिटर. ब्लीचिंग पावडर ताजी, ३० टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला अनुक्रमे १७ ग्रॅम आणि साडेतीन ग्रॅम. विरघळवून, गाळ बसू देऊन वरचे पाणी वापरा. पृष्ठभाग किमान ५ मिनिटे ओला राहिला पाहिजे. लगेच पुसून घेतले तर फक्त वास उरतो.

तोंड उघडे राहिलेल्या पिशवीतली ब्लीचिंग पावडर काही आठवड्यांत निकामी होते. द्रावण रोज नवे करा. संडास साफ करायच्या आम्लात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कोणाला त्रास झाला, तर बरे वाटू लागल्यानंतरही ४८ तास त्या व्यक्तीला पोळ्या-भाजीला हात लावू देऊ नका. शौचातून विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक जात राहतो, म्हणून हात धुण्याची शिस्त पुढेही हवी. आणि उष्टे पाणी, एकच पेला हेही बंद करा. २०२२ मध्ये आल्तान-बोने यांच्याच गटाने उंदरांत दाखवले की हे विषाणू लाळग्रंथींतही वाढतात आणि लाळेतून लागतात.

प्रश्न : हरभऱ्यावर घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही फवारले. शेजाऱ्याला गुण आला, मला नाही. औषध तेच होते. (शेतकरी, अकोला जिल्हा)

एचएएनपीव्ही हे औषध नव्हे, घाटे अळीवरचा जिवंत विषाणू आहे (अळ्यांवरच्या अशा विषाणूंना एनपीव्ही म्हणतात), आणि गठ्ठ्याने प्रवास करण्यात त्याचा हात धरणारा नाही. पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचा सूक्ष्म स्फटिक आणि त्यात बंद केलेले कितीतरी विषाणूकण, असा एकेक डबा. बाटलीवर ‘पीओबी’ लिहिलेले असते, ते हेच डबे. डबा मातीत वर्षानुवर्षे टिकतो. अळीने पानाबरोबर खाल्ला की तिच्या मध्य-आतड्यातल्या तीव्र अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि सगळे कण एकाच ठिकाणी, एकाच वेळी सुटतात. घाई असते, कारण अळीचे आतडे बाधित पेशी झपाट्याने टाकून देते. पेशी गळण्याआधी तिच्यामागच्या श्वासनलिकांपर्यंत आणि रक्तद्रवापर्यंत पोचले तर जिंकले.

आता तुमच्याकडे काय चुकले असेल ते पाहू.

पहिली शंका वेळेची. डबा मातीच्या अंधारात टिकतो, पण पानावर उन्हात त्याचा जोर एक-दोन दिवसांत ओसरतो. फवारणी सूर्य मावळताना करायची. अळ्या रात्री खातात, सकाळचे ऊन चढायच्या आत डबे त्यांच्या पोटात गेलेले बरे. कपड्यांना लावायची राणीपाल यासाठीच टाकतात: अर्धा लिटर पाण्यात ५० ग्रॅम कालवून, त्यातले १ मिली दर लिटर फवारणीला. ती अतिनील किरण शोषून घेते. लिटरला ५ ग्रॅम गूळ घातला तर अळ्या फवारलेला भाग अधिक खातात. आंतरप्रवाही औषधासारखा हा विषाणू पानात भिनत नाही. अळीने खाल्ला तरच लागतो, म्हणून घाट्यांवर आणि शेंड्यावर बारीक थेंबांचा सगळीकडून थर बसला पाहिजे.

दुसरी शंका अळीच्या वयाची. अंड्यातून नुकत्या निघालेल्या किंवा पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळीला थोडे डबे पुरतात. बोटाच्या पेराएवढी झालेली अळी मारायला कित्येक पटींनी जास्त लागतात, आणि ती घाट्यात तोंड खुपसून बसलेली असते, तिथे फवारा पोचतच नाही. कामगंध सापळ्यात पतंग वाढू लागले की आठवड्याभरात लहान अळ्या दिसतात. तीच वेळ.

तिसरी, मात्रा. ‘एलई’ म्हणजे विषाणूने मेलेल्या एका मोठ्या अळीइतका माल, मोजमापात सुमारे ६०० कोटी डबे. हेक्टरी २५० एलई धरले, तर दीड लाख कोटी डबे होतात. पण एलईचा हिशेब सगळे सारखा करत नाहीत, म्हणून बाटलीवर दर मिलीत किती पीओबी आहेत तो आकडा वाचा, लेबलवरची हेक्टरी मात्रा पाळा आणि बाटली दुकानात उन्हात मांडलेली नव्हती ना, ते पाहा. तांबेयुक्त बुरशीनाशक किंवा खारे, अल्कधर्मी पाणी वापरले असेल तरी नुकसान होते. डबा अळीच्या पोटात उघडायचा तो पंपातच उघडतो.

आणि चौथी, घाई. अळी मरायला पाच ते सात दिवस लागतात. खाणे आधीच कमी होते, पण दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन अळ्या हलताना पाहिल्या आणि लगेच रासायनिक औषध मारले, असे पुष्कळ जण करतात. खरी खूण वेगळीच: आजारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, मागच्या पायांनी उलटी लोंबकळत मरते आणि तिचे अंग पातळ होऊन खालच्या पानांवर ठिबकते. त्या ठिबकण्यात नवे कोट्यवधी डबे असतात. पक्षिथांबे लावले असतील तर पक्षी मेलेल्या अळ्या खातात. डबे त्यांच्या पोटात विरघळत नाहीत आणि विष्ठेतून शेतभर पडतात. या अळ्या गोळा करून जाळू नका.

एक गोष्ट हरभऱ्याच्या पलीकडची, पण सांगण्यासारखी. मक्यावरच्या लष्करी अळीच्या एनपीव्हीचा निकाराग्वातला रानवाण तपासला, तेव्हा त्यात नऊ जनुकीय प्रकार निघाले, त्यांतले काही अपुरे. त्यांत तोंडावाटे संसर्ग करायला लागणारे जनुकच नाही. हे अपुरे काढून टाकून शुद्ध पूर्ण प्रकार वापरला, तर मिश्रणापेक्षा तो कमी जालीम ठरला. अपुरे आणि पूर्ण प्रकार एकाच डब्यात बसून जातात, म्हणून अपुऱ्यांचे निभते. जैविक कीडनाशकाच्या बाबतीत ‘शुद्ध’ म्हणजे ‘चांगले’ असे धरता येत नाही, ते यामुळे.

प्रश्न : केळीवर सीएमव्ही आला. मावा मारायला तीन फवारण्या केल्या, तरी बाग पिवळी पडत गेली. (केळी उत्पादक, रावेर)

सीएमव्ही म्हणजे काकडीवर्गीय मोझॅक विषाणू. आपल्याकडे त्याच्या रोगाला हरण्या म्हणतात. त्याचा जनुकीय संच तीन मोठ्या तुकड्यांत वाटलेला असतो आणि तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. झाड आजारी पाडायला तिन्ही हवेत. सामान एकाच गाडीत नाही, तीन गाड्यांत आहे, असे समजा.

मावा सोंड खुपसताना किती कण सोडतो? अशा विषाणूंच्या बाबतीत अगदी थोडे. तिन्ही प्रकार सारख्या प्रमाणात असतील आणि तीनच कण पडले, तर तिन्ही मिळण्याची शक्यता २२ टक्के. पाच पडले तर ६२, दहा पडले तर ९५. म्हणजे बहुतेक डंख फुकट जावेत. तरीही बागा पिवळ्या पडतात, कारण मावे हजारोंनी असतात.

फवारणी का फसली, याचे कारण मात्र माव्याच्या चवीत आहे. उडता मावा पानावर बसला की हे आपले झाड आहे का, हे पाहायला सोंडेने एक चटका घेतो. एवढ्या, मिनिटाहून कमी वेळात सीएमव्ही त्याच्या सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडावरच्या चटक्यात उतरतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम होऊन गेलेले असते. काही औषधांनी तर तो अस्वस्थ होऊन अधिक झाडे चाखत फिरतो. काही तासांत सोंडेवरचा विषाणू संपतो, म्हणजे रोग लांबून कमी आणि जवळून जास्त येतो. तुमच्या बांधावर काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची आणि तणे काय आहेत ते पाहा. या विषाणूची यजमान झाडे हजारावर आहेत. मृगबागेत पावसाळी ढगाळ हवेत कोवळी झाडे असतात, तेव्हा धोका अधिक.

करायचे ते असे. पहिले दोन-तीन महिने दर चार-पाच दिवसांनी प्रत्येक ओळ चाला. पानाच्या शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसले, पोंग्याची कूज दिसली, की आधी त्या झाडावरचा मावा शिफारशीतल्या कीटकनाशकाने जागीच मारा आणि मग कंदासकट उपटून बागेबाहेर जाळा किंवा गाडा. आधी उपटले तर मावा उडून शेजारच्या झाडावर जातो. कोयता झाडागणिक धुवा, ही सवय चांगली. पण या रोगाचा मुख्य वाहक मावाच आहे. केळीत काकडीवर्गीय आंतरपीक नको, आणि रोपे विषाणू तपासणी झालेल्या प्रयोगशाळेचीच घ्या. आजारी झाडाचे मुनवे किंवा पील ठेवू नका.

पर्णगुच्छाशी, म्हणजे बंची टॉपशी, याची गल्लत करू नका. त्यात पाने आखूड, ताठ, शेंड्याला गुच्छासारखी होतात आणि देठावर गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात. तो विषाणू सहा तुकड्यांत वाटलेला, प्रत्येक तुकडा वेगळ्या कणात. सहाच कण पडले तर सहाही मिळण्याची शक्यता दीड टक्का. वीस पडले तरी ८५. पण इथे केळीवरचा मावा तासन्‌तास रस पिऊन विषाणू अंगात घेतो आणि पुढे बरेच दिवस सोडत राहतो, म्हणून या रोगात मावा नियंत्रणाचा उपयोग सीएमव्हीपेक्षा अधिक होतो.

याच कुळातल्या, बाकल्याच्या शेंगपिकावरच्या आठ तुकड्यांच्या विषाणूवर फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे २०१९ मध्ये जे दिसले, ते चक्रावून टाकणारे आहे. आठही तुकडे एकाच पेशीत असावेच लागत नाहीत. एक तुकडा या पेशीत, दुसरा शेजारच्या, आणि लागणारी प्रथिने पेशीपेशींतून ये-जा करतात. एका पेशीत एक संसर्ग, ही आपली चौकटच तिथे मोडते.

प्रश्न : एचआयव्हीसुद्धा गठ्ठ्याने जातो का? मग एका कणाने लागण होणे अशक्य का? (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पणजी)

शरीराच्या आत पेशीकडून पेशीकडे जाताना, होय. बाधित आणि निरोगी टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) एकमेकींना चिकटतात, सांध्याच्या जागी ग्राहक रेणू गोळा होतात आणि विषाणू तिथून ओंजळीने पलीकडे ओतला जातो. एका पेशीत अनेक प्रती एकदम पडल्या, तर औषधाने त्यांतल्या बहुतेक अडवल्या तरी एखादी सुटू शकते, असे २०११ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले. याचा अर्थ औषधे निरुपयोगी असा मुळीच नाही. नीट घेतलेल्या गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका उतरतो आणि तसाच राहतो.

माणसाकडून माणसाकडे जाताना मात्र चित्र उलटे. शारीरिक संबंधांतून लागण झालेल्या १०२ जणांच्या विषाणूंचे जनुकक्रम २००८ मध्ये तपासले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांत सगळा विषाणू एकाच पूर्वजाचा निघाला. इन्फ्लुएंझाही घरातल्या घरात पसरतो तेव्हा बहुधा एक-दोन कणांच्याच वंशाने पुढे जातो. विषाणूंच्या गठ्ठ्यांबद्दल ‘सामूहिक’ हा शब्द सध्या जरा फार वापरला जातो. पेशींमधली चाल आणि माणसांमधली चाल वेगळी मोजली पाहिजे. तेव्हा एकच कण पुरतो, पण तो पुरण्याचा संभव फार कमी असतो.

प्रश्न : विषाणू एकमेकांशी बोलतात, असे वाचले. खरे का? (विद्यार्थी, बेळगाव)

बोलत नाहीत, निरोप सोडतात. बॅसिलस जीवाणूंवरचा एक भक्षक विषाणू प्रत्येक संसर्गात सहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बाहेर सोडायला लावतो. साखळ्या खूप साठल्या म्हणजे आसपास बरेच जीवाणू मेले. मग नंतरचे विषाणू जीवाणू फोडायचे सोडून त्याच्या जनुकांत गप्प बसतात. इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील रोतेम सोरेक यांच्या गटाने हे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रश्न : गठ्ठ्याने जाणे इतके फायद्याचे, तर सगळेच विषाणू तसे का जात नाहीत? (निवृत्त अभियंता, डोंबिवली)

कारण गठ्ठ्याची किंमत मोजावी लागते. शंभर सुटे कण शंभर पेशी गाठू शकतात. शंभरांचा एक गठ्ठा एकच. पेशी भरपूर आणि सहज लागण होणाऱ्या असतील, तर सुटे जाणे परवडते.

दुसरी अडचण फुकट्यांची. एका पेशीत अनेक प्रती एकत्र असल्या की कवच, प्रती काढणारी प्रथिने सगळी सामाईक होतात. मग ज्या प्रतीतून अर्धी जनुके गळाली ती आखूड असल्याने लवकर छापली जाते, दुसऱ्याच्या कवचात बसते आणि पूर्ण प्रतींना मागे सारते. इन्फ्लुएंझात असे अपुरे कण फोन मॅग्नस यांना १९५० च्या सुमारास दिसले. त्यांची रीत सोपी होती: कोंबडीच्या अंड्यात वाढवलेला विषाणू पातळ न करताच पुढच्या अंड्यात घालत राहायचे, की काही फेऱ्यांत चालते कण कोसळतात. १९७० मध्ये हुआंग आणि बाल्टिमोर यांनी या फुकट्यांना हस्तक्षेप करणारे अपुरे कण असे नाव दिले. लस किंवा एनपीव्ही बनवणारे कारखाने म्हणूनच विषाणू पुढच्या फेरीत टाकताना मुद्दाम पातळ करून टाकतात. पेशीसंवर्धनात वाढवलेला एनपीव्ही काही फेऱ्यांत डबे बनवायचे विसरतो, कारण तिथे डब्याची गरजच नसते. आपल्या देशात तो अजूनही जिवंत अळ्यांतच वाढवला जातो, एकेका अळीला वेगळ्या खणात ठेवून, कारण घाटे अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.